जसंच्या तसं

कंपनीच्या बाईंनी मला शेडच्या दारातच बाजूला घेतलं. "ताई, आज तुम्ही बोलायचं नाही. फक्त लिहायचं."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी उगाच खुर्च्या पुसायला घेतल्या.

त्यांचं काही चुकत नव्हतं. पेशंट शहरात नेणारी गाडी पाच वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीने दिलेली. वरचं गाव आणि खालचं गाव मिळून ती चालवतात, आणि आमची संस्था मध्ये उभी राहून ती चालवून घेते. गाडी आता थकली होती. दुसरा गिअर पडत नव्हता, धक्का मारल्याशिवाय सुरू होत नव्हती, आणि कुठेही उभी केली की चाकाखाली दगड लागायचा. कंपनी नवी द्यायला तयार होती, पण एका अटीवर. दोन्ही गावांनी स्वतःची समिती करायची, समोरासमोर बसून करार करायचा, आणि पुढे संस्थेशिवाय गाडी चालवून दाखवायची. आज सह्या झाल्या तर पुढच्या महिन्यात गाडी दारात. नाही झाल्या तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी गावाला जाणार. बाईंनी हे मला फोनवर तीनदा बजावलं होतं, आणि त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

माझ्या हुद्द्याचं नाव भागीदारी व्यवस्थापक. ऐकायला भारदस्त आहे. काम एवढंच की ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही त्यांना एका कागदावर आणायचं. वरच्या गावात झरा आहे, खालच्या गावात रस्ता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात वरच्यांनी पाइपाचा कॉक बंद केला आणि खालच्यांनी रस्त्यात दगड टाकले. कॉक महिन्याभरात उघडला, दगडही उचलले गेले, पण बंद झालेलं बोलणं काही सुरू झालं नाही. गाडी आली तेव्हा तोडगा मीच काढला. पंधरा दिवस गाडी वर, पंधरा दिवस खाली, ड्रायव्हर दोन. बदलीच्या दिवशी एक ड्रायव्हर अर्ध्या वाटेवरच्या या शेडपाशी गाडी लावतो, चावी आतल्या खिळ्याला अडकवतो आणि चालता होतो. अर्ध्या तासाने दुसरा येतो. शेडला दारंसुद्धा दोन, एक वरच्यांना, एक खालच्यांना. ती बसवताना सुतार मला म्हणाला होता, "ताई, तिसरं पण काढून ठेवू का, तुम्हाला पळून जायला?" तेव्हा मी पोट धरून हसले होते.

निरोप सगळे माझ्यामार्फत. आणि मी निरोप जसेच्या तसे कधी पोचवले नाहीत, हे आता कबूल करायलाच हवं.

ही सवय घरची. माझे वडील आणि काका एका घरात राहून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा म्हणायचे, "त्याला सांग, बापाचं पाणी आहे का, नळ नीट बंद करत जा." मी काकाकडे जाऊन म्हणायचे, "काका, बाबा विचारतात, नळाचा वायसर बदलायचा का?" आईनेच शिकवलं होतं. ती म्हणायची, जसंच्या तसं सांगितलंस तर उद्या या घरात दोन चुली होतील. आमच्याकडे शेवटपर्यंत चूल एकच राहिली, आणि ती माझ्यामुळे राहिली असं मी मानत आले. त्यामुळे "वरच्यांना गाडी धुवायची अक्कल नाही" याचं मी "खालचे विचारतात, धुवायला पाणी पुरतं का" असं करायचे, आणि त्यात मला खोटेपणा वाटायचा नाही. हात चांगला बसलाय एवढंच वाटायचं.

पण तीन वर्षांपूर्वी मी जे केलं ते नळाच्या वायसरएवढं नव्हतं.

खालच्या गावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईला सगळं गाव आत्या म्हणतं. तिचा नवरा गिरणीतच छातीवर हात ठेवून खाली बसला. गाडी तेव्हा वर होती. वरच्या ड्रायव्हरला फोन गेला, पण चावी तात्यांकडे होती. तात्या म्हणजे वरच्या गावचे गवंडी, गावाचे पुढारीही तेच. ते कुणाच्या तरी घराची भिंत चढवत होते. चावी मिळून गाडी खाली यायला उशीर झाला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. डॉक्टरांनी ते वाक्य गिळलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दहाव्या दिवशी मी आत्याकडे गेले. ती म्हणाली, "त्या माणसाला सांग, तुझं तोंड मेल्यावरही बघणार नाही. आणि गाडी वर जाणार नाही. आमच्या दारातून हलली तर चाकं काढून ठेवीन." मग मी तात्यांकडे गेले. ते म्हणाले, "मिक्सरच्या आवाजात हाक ऐकू आली नाही. आणि चावी कुठं ठेवायची ते करारात लिहिलेलं नाही." एवढंच. दुसरं अक्षर नाही.

मी तात्यांना सांगितलं, "आत्या म्हणाल्या, तुमच्याकडे बोट नाही. त्यांची वेळ भरली होती." आत्याला सांगितलं, "तात्या रडले. म्हणाले, चूक माझी, चावी घरी ठेवायला हवी होती, त्यांच्या पाया पडून माफी मागतो." त्यानंतर गाडी एक दिवसही थांबली नाही. आमच्या वार्षिक अहवालात 'संकटातून अधिक दृढ झालेली भागीदारी' असं छापून आलं, तात्या आणि आत्या यांच्या वेगवेगळ्या फोटोंसह.

आज ते दोघं पहिल्यांदा एका टेबलाला बसणार होते, आणि मला तोंड उघडायची बंदी होती.

अकराला आत्या खालच्या दाराने आली. वही, चष्म्याची डबी, केसांवर पीठ. मागोमाग वरच्या दाराने तात्या आले, हात घासून धुतलेले, तरी नखांत सिमेंट. त्यांच्याबरोबर शिंपी होता. तो समितीत नव्हता. त्याची मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून दोनदा शहरात जाऊन रक्त धुवून घ्यावं लागतं, आणि आज त्याचा दिवस होता. गाडी सध्या खालच्यांकडे. खालचा ड्रायव्हर शेडबाहेर उभा होता, साडेबाराला निघायचं होतं. तोवर उन्हात कशाला बसायचं म्हणून शिंपी आत येऊन कोपऱ्यात बसला आणि पिशवीतून एक शर्ट काढून काजं करायला लागला. सुजलेल्या बोटांनी तो इतकं बारीक काम कसं करतो कुणास ठाऊक. गाडी बंद पडली तर हा माणूस दोन आठवडे काढणार नाही, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

पहिला पाऊण तास सगळं गुळगुळीत चाललं. बाई एकेक मुद्दा वाचायच्या, दोघं बाईंकडे बघून उत्तर द्यायचे, मी लिहायचे. गाडी धुण्यावर जरा ताणलं. तात्या म्हणाले, "आम्ही धुऊनच देतो." आत्या बाईंना म्हणाली, "धुतात. पुढची काच तेवढी राहते." तात्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मला हायसं वाटलं. वाटलं, निभावलं. अजून दहा मिनिटं, दोन सह्या, आणि हे सगळं पोटात ठेवून मी मरायला मोकळी.

बाईंनी करार पुढे सरकवला. आत्याने पेन घेतलं, टोपण काढलं, आणि परत लावलं.

"सही करते," ती म्हणाली. "त्याआधी मला यांच्याशी बोलायचंय."

मी मध्येच बोलले. "आत्या, शिंप्याला उशीर होईल, आधी सही..."

"ताई," बाई म्हणाल्या. नुसतं एवढंच.

आत्या पहिल्यांदाच तात्यांकडे वळली. "तात्या, आमचे हे गेले तेव्हा तुम्ही निरोप पाठवलात. चूक माझी, पाया पडून माफी मागतो म्हणून. मी त्याला उत्तर धाडलं नाही. धाडवलं नाही. पण त्या एका निरोपावर मी गाडी वर जाऊ दिली. गावातली माणसं मला येड्यात काढत होती. मी म्हटलं, माणूस रडलाय, अजून काय करायचं त्याने. तर तेवढं सांगायचं होतं. पोचला होता निरोप."

तात्या मोजून बोलणारा माणूस. विटेसारखा शब्दही हातात घेऊन बघतो आणि मगच ठेवतो.

"कसला निरोप?" ते म्हणाले.

"माफीचा."

"मी असलं काही बोललो नाही. चावीचं करारात नाही, एवढंच म्हणालो होतो." मग ते म्हणाले, "तुम्हीच निरोप पाठवला होता. तुमच्याकडे बोट नाही, त्यांची वेळ भरली होती."

"मी?" आत्या म्हणाली. "मी म्हणाले होते मेल्यावरही तोंड बघणार नाही."

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत ते दोघं मिळून एक गोष्ट करताना मी पहिल्यांदा बघत होते.

बाईंनी करार उचलून परत फायलीत ठेवला. फायलीची दोरी बांधली नाही, पण बोटांत धरून ठेवली. "ताई, आता तुम्ही बोलू शकता," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. कुणी काय म्हटलं होतं आणि मी त्याचं काय केलं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता. "गाडी थांबली असती," मी शेवटी म्हटलं. "शिंपीदादांचं नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा."

"माझं नाव पुढं करू नका, ताई," शिंपी कोपऱ्यातून म्हणाला. मान वर न करता. लागलं मला ते, आणि लागायलाच हवं होतं.

तात्या म्हणाले, "त्या निरोपावर मी तीन वर्षं झोपलो." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "रोज आडवं होताना मनात म्हणायचो, त्या बाईने सोडलंय आपल्याला. तुम्ही माझ्या झोपेत हात घातलात, ताई."

दारात ड्रायव्हर आला. "सव्वाबारा झाले." आत्याने हातानेच थांब म्हटलं, तसा तो परत गेला.

आत्याने चष्मा काढून वहीवर ठेवला. "हिचं सोडा आता. तात्या, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने. त्या दिवशी काय झालं?"

"मिक्सरच्या आवाजात..." तात्यांनी सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. त्यांनी हात टेबलावर ठेवले, उचलले, परत ठेवले. मला वाटलं आता हे उठून जाणार. वरच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलंही.

"मिक्सर बंद होता," ते म्हणाले. "माल कालवून झाला होता. ड्रायव्हर खालून ओरडला ते मी ऐकलं. चावी, खाली पेशंट आहे, म्हणाला. कोण पेशंट ते नाही म्हणाला. खालचा कुणीतरी, एवढं कळलं. ओळ संपत आली होती. म्हटलं, एवढी ओळ लावून उतरतो, नाहीतर माल सुकेल. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली, तीही ऐकली."

शिंप्याची सुई थांबली होती.

"किती विटा राहिल्या होत्या?" आत्याने विचारलं.

"अकरा."

आत्याने मान हलवली. ती रडली नाही, ओरडली नाही. टेबलाच्या कडेवर बोट ठेवून ती ते हळूहळू पुढे नेत राहिली. मी मनातल्या मनात मोजत होते, आणि मला वाटतं तीही मोजत होती. मी बनवलेल्या माफीत रडणं होतं, पाया पडणं होतं, सगळं नीट होतं. या अकरा विटा मला शंभर वर्षांत सुचल्या नसत्या.

"वहिनी," तात्या म्हणाले. आत्याचा नवरा आणि ते एके काळी पत्ते खेळायला बसायचे, त्या दिवसांतली ती हाक असावी. "माफ करा असं म्हणायला मला तोंड नाही."

"मग म्हणू नका. मी करणारही नाही." आत्याने चष्मा परत लावला. तिने पहिल्यांदा शिंप्याकडे नीट पाहिलं, त्याच्या सुजलेल्या हातांकडे, मांडीवरच्या शर्टाकडे. "निरोप खोटा होता. पण हा माणूस खरा आहे, त्याला साडेबाराला निघायचंय. बाई, काढा तो कागद. आणि तू, लिही."

मी पेन उचललं.

"चावी माणसाच्या खिशात राहणार नाही. गाडी वर असेल तेव्हा चावी या शिंपीदादांच्या दुकानात, भिंतीवर, उघड्यावर. खाली असेल तेव्हा माझ्या गिरणीत."

"आणि दुसरी चावी?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"या खिळ्याला. कायमची."

"लिही," आत्या मला म्हणाली.

मी लिहीत होते आणि माझ्या लक्षात आलं, हे दोघं एकमेकांशी बोलतायत. मध्ये कुणी नाही. पाच वर्षं मी याचसाठी धडपडले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच दमात इतकी लाज वाटली की कागदावरून नजर उचलवेना.

"अजून एक," तात्या म्हणाले. "आता आमच्यात निरोप्या नको."

"मी तेच म्हणणार होते," आत्या म्हणाली. "लिही. या बाईने आमच्यामध्ये यायचं नाही. निरोप न्यायचा नाही, आणायचा नाही. गाडीपाशी दिसायचं नाही."

"बरोबर," तात्या म्हणाले.

मी लिहिलं. अक्षर नीट आलं. माझं अक्षर नेहमीच चांगलं येतं. पान फिरवून मी बाईंकडे दिलं. त्या वाचणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "तुम्ही नको. शिंपीदादा, तुम्ही वाचा. मोठ्याने."

शिंप्याने शर्ट बाजूला ठेवला, सुई कॉलरला टोचली आणि पान डोळ्यांजवळ धरलं. चावीचं वाचलं. दुसऱ्या चावीचं वाचलं. मग शेवटची ओळ.

"संस्थेच्या प्रतिनिधींच्या आजवरच्या सहकार्याबद्दल आभार मानून, यापुढे निरोपांची देवाणघेवाण समितीचे सदस्य स्वतः करतील."



"आभार कोण म्हणालं?" आत्याने विचारलं.

"मी नाही," तात्या म्हणाले.

"मी पण नाही."

शपथेवर सांगते, मला ते कळलंच नव्हतं. मी जे ऐकलं तेच लिहितेय असंच मला वाटत होतं. शिंप्याने पान माझ्यापुढे ठेवलं तेव्हा मी ते माझं नसल्यासारखं बघत राहिले. सरळ रेघा, गोल अक्षर, आणि त्यात ते शब्द नव्हतेच. माझ्या हाताने ते परस्पर बदलून टाकले होते. मग मी आजपर्यंत आणखी काय काय बदललं असेल, घरात, बाहेर, कुणाकुणाचं, याचा विचार आला.

"खोड ते," आत्या म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. "मी सांगते तसं लिही. एकेक शब्द."

मी खोडलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. या. बाईने. आमच्यामध्ये. यायचं. नाही. शिंप्याने परत वाचलं. तात्यांनी मान डोलावली. आत्याने सही केली, तिच्याखाली तात्यांनी केली. बाईंनी तारीख घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात गाडी येईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे मला उपकारच वाटले.

"साडेबारा," ड्रायव्हर खालच्या दारातून म्हणाला.

गाडी खालच्या अंगाला उभी होती, आणि धक्का मारल्याशिवाय सुरू होणार नव्हती. शिंपी पिशवी घेऊन निघाला, त्याच्यामागे आत्या. तात्या क्षणभर घुटमळले, आणि मग तेही खालच्या दाराने बाहेर गेले. सवयीने मीही उठले. गाडीला धक्का मारायला मी नेहमीच पुढे असायचे.

आत्याने दारातून वळून माझ्याकडे पाहिलं. मी परत खाली बसले. बाहेर चाकाखालचा दगड काढल्याचा आवाज आला, मग "हं, आता" असं कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, आणि थोड्या वेळाने इंजिन सुरू झालं.